आठ तासांची वीज

नारायणगाव, ८ जानेवारी २००९

चि. लंकास दादाचे भरभरून आशीर्वाद.

तुझ्या बॅटरीच्या स्कूटरला एका चार्जिंगला सव्वा युनिट, म्हणजे चारेक रुपये लागतात. खरी अडचण वेळेची, पूर्ण भरायला आठ तास वीज लागते, आणि तुमच्या आणे गावात ती सलग चार तास टिकत नाही. वीज तुकड्यातुकड्यानं मिळाली तरी चालेल.

हिला लायसन लागत नाही, म्हणून तर घेतली. लसींचा डबा घेऊन वस्त्यांवर अजून किती पायपीट करशील? आता गुडघ्यांनाही रजा दे.

एक ध्यानात ठेव. मोबाईलसारखंच, बॅटरी पार रिकामी झाल्याशिवाय प्लग लावू नको. तीस वर्षं पाण्याच्या जळक्या मोटारी बांधतोय. विजेचं मला कुणी शिकवू नये.

दुकानात विहिरीच्या मोटारींची रांग आहे, पाठ भरून आलीय. माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा,
सावळाराम

आणे, २७ मार्च २००९

ती. दादांना लंकाचा वाकून नमस्कार.

गाडीला आवाज नाय, त्यामुळं बाया दचकतात. म्हणतात, लंकाबाई, निदान खोकत तरी या!

तुम्ही सांगितलं तसं बंद पडेपर्यंत चालवते, मगच लावते. आधी पन्नास किलोमीटर जायची, आता पंधरा. काल गुरुवारी दोन वस्त्यांच्या मधेच थांबली. ढकलत पोचले तोवर डब्यातला बर्फ वितळला, लसी परत न्याव्या लागल्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर वस्त्या दुसऱ्या नर्सला देईन. दादा, लई दमले. जमेल तेवढं लवकर बघा.

तुमची,
लंका

नारायणगाव, १ एप्रिल २००९

चि. लंकास आशीर्वाद.

मंचरला जाऊन गाडीच्या दुकानदाराशी, पारसशी, तासभर भांडलो. त्यानं चहा पाजून शांतपणे सांगितलं, की काका, या शिशाच्या बॅटऱ्या. मोबाईलचा नियम यांना लावू नका. अर्धी उरली तरी घरी आल्यावर रोज लावायची. पार रिकामी होऊ दिली की मरते. आपल्या गाडीतल्या चारही मेल्यात.

नव्या चार पूर्ण भरून, या पत्रासकट माझा जुना कारागीर भिमाजी याच्याबरोबर जीपनं धाडतोय. आजच बसवून देईल. डॉक्टरीणबाईंना फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. उद्याचा गुरुवार तुझ्याकडेच आहे.

दादावर रागाव, पण अबोला धरू नको.

सावळाराम

ता. क. गाडीबरोबर माहितीचं पुस्तक आलं होतं. रोज चार्ज करा, असं पहिल्याच पानावर मराठीत छापलंय. ते मी उघडलंच नव्हतं.