बाळांच्या रांगेतली मावशी

प्रिय ठमाबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. रागाव हवं तेवढं, पण न वाचता फाडू नकोस. तुझ्यासाठी अक्षरसुद्धा सुधारून लिहितेय.

काल तुझी मावशी तान्ह्या बाळांच्या रांगेत बसली होती, लस टोचून घ्यायला. शेजारणीने विचारलं, तुमचं बाळ कुठंय? म्हटलं, मीच. सुई टोचल्यावर बाळं परवडली, असं माझं तोंड झालं. लहानपणीच्या लशी आता पुन्हा कशाला, असं मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, लस म्हणजे शरीराला रोगाचा चेहरा आधीच दाखवून ठेवणं. काही पेशी तो वर्षानुवर्षं विसरत नाहीत. काही हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, ठाण मांडून त्या रोगाशी लढायची सामग्री बनवत राहतात. माझ्या कर्करोगाच्या औषधांनी मगजासकट ती आठवणच पुसली. आता पुन्हा पहिलीपासून.

चेहरे लक्षात ठेवावे तुझ्या आईने. चष्म्याच्या दुकानात कुणी दहा वर्षांनी आलं तरी ताई मान वर करून विचारायची, काडी अजून डाव्या कानाला टोचते का? आणि मी तिची छत्री हरवली, हे तर ती शेवटपर्यंत विसरली नाही. माझ्या आजारात मला स्वतःच्या हाडांतला मगज दिला तेव्हाही म्हणाली, हा तरी छत्रीसारखा हरवू नकोस.

मग तो रस्ता, तो ट्रक. जायची होते मी, गेली ती. तुला माझं तोंड बघवत नाही, हे मला कळतं गं. मलाही आरशात बघवत नाही. आईचं काहीच उरलं नाही, असं म्हणून तू दार लावून घेतलंस, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

काल ते सिस्टरनी दिलं. माझ्या हाडांत आता ताईच्याच पेशी वाढतात. मला दाखवलेले चेहरे त्याच लक्षात ठेवणार. संध्याकाळी दंड सुजला, गरम झाला. पेशी कामाला लागल्या की असं होतं म्हणे. मी त्यावर हात ठेवून पोटभर रडले. ही सूज दोन दिवसांत उतरेल, पण पुढच्या महिन्यात दुसरा डोस आहे. त्या दिवशी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नुसता दंडावर हात ठेव. तुझी आई तिथे कामात असेल.

तुझीच,
छत्री हरवणारी मावशी