मोडीतलं पैंजण

३ नोव्हेंबर
सांगलीत पोचलो. दुकानावरची खोली लहान आहे, पण ऊन भरपूर येतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी शिकाऊ! वडूजच्या कॉलेजातले माझे तास बंद झाले. आमची लेक क्रांती गेल्यापासून तिथलं घरही खायला उठायचं. दोन वर्षांची होती. बायको, अंजना, अजून तिथंच आहे. हातात कसब आलं की तिला घेऊन येईन. जुनी चांदी वितळवून शुद्ध करायची, ते गलाईचं काम. वस्ताद केरबा म्हणाले, "सर, हितं हजेरी भट्टी घेती." खूप दिवसांनी हसलो.

७ नोव्हेंबर
आज पहिली मूस, चांदी वितळवायचं ते भांडं, स्वतः ओतली. चांदी पाण्यासारखी उतरली. केरबांचा दंडक एकच: दागिना कुणाचा, हे बघत बसायचं नाही.

८ नोव्हेंबर
मोडीत, वितळवायला आलेल्या जुन्या दागिन्यांत, एक लहान पैंजण आलं. एक घुंगरू कमी, त्या जागी लाल दोरा, अंजना मारते तशी दुहेरी गाठ. क्रांतीच्या पायात असंच होतं. ते तिच्याबरोबर मातीत गेलं. केरबा म्हणाले, असली हजार येतात. बरोबरच असेल. वितळवलं.

९ नोव्हेंबर
तेच. तोच दोरा, तीच गाठ. पण पाच वर्षांच्या मुलीच्या मापाचं. माणूस दुःखात काहीही बघतो, हे मला कळतं. पण केरबांनीही ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्ये काल वितळवलं न्हवं?" मग त्यांनीच मुशीत टाकलं.

१० नोव्हेंबर
आज दहाएक वर्षांच्या मुलीचं. आनंद झाला, खोटं का लिहू? ती कुठंतरी वाढते आहे. अंजनाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "आवं, मग वितळवताय कशाला? ठिवा की."
ठेवलं. तेवढ्या वजनाची माझी चांदीची अंगठी मोडीत घातली.

११ नोव्हेंबर
आज आलं नाही.

१३ नोव्हेंबर
आजही नाही. ठेवलं म्हणून ती तेवढीच राहिली. तिला वाढू द्यायचं तर—
वितळवलं. माझ्या हातानं.

१४ नोव्हेंबर
आलं. तरण्या पोरीचं. लगेच वितळवलं.

१५ नोव्हेंबर
जोडवी. लाल दोऱ्यात ओवलेली. लग्न झालं तिचं. आम्ही नव्हतो— जोडवीही वितळवली.

१६ नोव्हेंबर
पैंजण. टाचेकडून झिजून तारेएवढं झालेलं. माझी लेक माझ्यापेक्षा म्हातारी— उद्याचं बघायच्या हावेपोटी मी तिचं अख्खं आयुष्य वितळवलं—
अंजनाचा फोन. केवढी झाली, विचारत होती. फोन ठेवून दिला.
केरबा हाक मारतायत. मूस तापली. पैंजण मुठीत आहे. अंगावरून आत्ताच उतरवल्यासारखं कोमट. टाकलं तर ती पुन्हा जाईल— नाही टाकलं तर अशीच म्हातारी अडकून राहील—