सहाव्या घासाला अडलेलं जेवण

झरी, दसरा उलटल्यावर, २०१७

तीर्थस्वरूप सोनीबाईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे भिकाचा, साष्टांग नमस्कार. (दुरूनच घालतो आहे. जवळ आलो तर तू कान पकडशील.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली देवाजवळ ठेवून नुसते हात जोडतेस? भाऊजींचा खोकला उतरला का? काळी शेळी व्याली का, आणि पाट झाली असेल तर ते मादी करडू मला कबूल केलं होतंस, ते आठवतं का? आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे तुझी भावजय सोमी बरी आहे, आणि ती बरी असली की मला बरं असावंच लागतं.

तू म्हणशील, खिशात फोन असताना हा कागदाचा खटाटोप कशाला. बाई, फोनवर मी ‘हॅलो’ म्हणतो, त्यानंतर तू बोलतेस, त्यानंतर बॅटरी संपते. तुला मधेच तोडता येणार नाही अशी एकच जागा मला माहीत आहे, ती म्हणजे पत्र. कोसबाडला शाळेत असताना मास्तर म्हणायचे की या पोराचं अक्षर चांगलं आहे, ते अक्षर शेवटी बहिणीपासून जीव वाचवायला कामी आलं. सूनबाई चंद्रिका तुला वाचून दाखवेल. (चंद्रिका, कंसातलं सगळं मनातल्या मनात वाच. वरचा कान पकडण्याचा कंस मोठ्याने वाचून झाला असेल तर माझं नशीब.)

आता मुद्द्याचं. तुझ्या सासरच्या हिरूच्या घरी, त्याच्या मुलासाठी, तू आमच्या निलमचा शब्द टाकलास. मुलगा उंबरगावला कंपनीत आहे, निर्व्यसनी आहे, मोटारसायकल स्वतःची आहे, सगळं कबूल. त्यांची अट एकच, की मुलीने हॉटेलातली नोकरी सोडावी. निलम नाही म्हणाली. त्यावर तुझा निरोप आला, की पोरगी शहरात जाऊन बिघडली, देवधर्म विसरली, तिला हाताला धरून घरी आण, नाहीतर यंदा मी नव्याला येणार नाही. बाई, ही धमकी तू फार विचार करून दिलीस. आपल्या घरात आजीपासूनची रीत आहे, की थोरल्या लेकीने येऊन देवाला आणि धान्याच्या देवीला, कणसरीला, नवा भात दाखवायचा, मग तिच्या हाताने पहिला घास प्रत्येकाच्या तोंडात घालायचा, तोवर नव्या तांदळाचा दाणा कोणी चाखायचा नाही. लवकर पिकणारं हळवं भात कापून, झोडून घरात आलं. कणगी भरली. आणि आम्ही दोघं त्या कणगीला टेकून बसतो आणि रेशनचा तांदूळ खातो. झिपरू भगत रोज अंगणावरून जाताना विचारतो, आली का बहीण? मी म्हणतो, गुडघे दुखतात. (बाई, तुझ्या गुडघ्यांवर मी बरंच काही खपवलं आहे.)

तर तुझा हुकूम मानून निलमला आणायला आम्ही निघालो. तेवढ्यात तिचाच फोन आला, की हॉटेलच्या मालकांनी कामावरच्या सगळ्यांच्या आईबापांना आळीपाळीने जेवायला बोलवायचं ठरवलंय, तर तुम्ही दोघं या. मी सोमीला म्हटलं, बरंच झालं, आधी जेवू, मग पोरीला हाताला धरू. रिकाम्या पोटी राग धरवत नाही. सोमीने पिवळं लुगडं काढलं, मी उमेशच्या लग्नातला सदरा काढला. (तुमच्याच लग्नातला, चंद्रिका. बटणं आता पोटावर लागत नाहीत, म्हणून हात पुढे बांधून बसलो. सगळ्यांना वाटलं, काका फार नम्र आहेत.) तलासरीहून एसटी, डहाणूहून रिक्षा, आणि समुद्राच्या रस्त्याला एका चिकूच्या वाडीत उतरलो. हॉटेल म्हणावं तर पाटी नाही, गल्ला नाही, भज्यांचा वास नाही. चिकूच्या झाडांत कंदील टांगलेले आणि आत लाकडी टेबलं. नाव ‘नऊ घास’. मला वाटलं, नाव आहे, नावाला काय. झरी नावाच्या गावात तरी कुठे बारा महिने झरा असतो!

बाई, नाव नव्हतं ते, हिशेब होता. तिथे माणसाला खरोखर नऊ घास देतात. ताट नाही. काय पाहिजे ते कोणी विचारत नाही, त्यांना वाटेल ते एकेक घास करून येतं, आणि प्रत्येक घासाबरोबर एक माणूस येऊन त्या घासाची सगळी कुळकथा सांगतो. पहिला घास होता वरोरच्या सुक्या बोंबलाचा. एका बोंबलाचा चौथा भाग, वर कोथिंबिरीचं एकच पान. तो कोणत्या किनाऱ्यावर वाळला, वारा कुठून होता, हे सगळं ऐकेपर्यंत मी तो गिळून पाणीही प्यायलो होतो. माहिती अजून चालू होती, म्हणून मी तोंड उगीच हलवत राहिलो. बिचाऱ्याला वाईट वाटू नये.

दुसऱ्या घासाला सोमीने इज्जत घालवली, किंवा वाढवली, ते मला अजून कळलेलं नाही. एका लहानशा सुपात सालासकट भात पसरलेलं, आणि त्यावर कोळंबीच्या दोन इवल्या वाट्या. भात नुसतं शोभेला. पण सोमीला शोभा दिसलीच नाही, तिला खडे दिसले. तिने वाट्या उचलून माझ्या हातात दिल्या, सूप ओढून मांडीवर घेतलं, आधी खडे वेचले, आणि मग पाखडायला लागली. तिला मुद्दाम करायचं नव्हतं गं. सुपात भात बघून पाखडायचं नाही, तर मग सूप आणलं कशाला, हे तिचं म्हणणं. फोलपटं उडाली ती थेट शेजारच्या टेबलावर, मुंबईहून आलेल्या चार बायकांच्या सरबतात. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या चौघी मोबाइल काढून सोमीचा व्हिडिओ घेत होत्या. त्यांना वाटलं, हाही नऊ घासांतलाच एक कार्यक्रम. शेवटी टाळ्या वाजल्या. एकीने विचारलं, हे रोज असतं का? सोमी म्हणाली, “रोज कसा नाय? रोज जेवाला लागतं.” यावर पुन्हा टाळ्या.

तिसरा घास नागलीचा, कागदासारख्या पातळ पापडीचा. मग एका अंगठ्याएवढ्या पेल्यात आंबील आली. मी एका घोटात संपवून पेला पुढे केला, तर वाढणारा पोऱ्या अदबीने म्हणाला की काका, ही पोटासाठी नाही, पुढच्या घासाआधी जीभ साफ करायला आहे. बाई, ज्या आंबिलीवर आपला बाबा दुपारपर्यंत नांगर धरायचा, तिने आता लोक जीभ धुतात. मी हे रागाने लिहीत नाही हो. आंबील अगदी बाबा प्यायचा तशीच होती, आंबट, जराशी खारट. म्हणूनच पेला पुढे केला होता. चौथा घास काय होता ते आठवत नाही, हिरवा होता. पाचवा मात्र उडदाचा, भाजून, भरडून केलेला, आणि तो तोंडात गेल्यावर मी सोमीकडे बघितलं, सोमीने माझ्याकडे. आईच्या हातचं होतं गं ते. पोरीने आजीला पुरतं पाहिलंही नाही, कुठून आणलं तिने? (मनात आलं, चोरून आणखी मागावं. मग आठवलं, आपण पोरीला घरी न्यायला आलोय, मागायला नाही.)

आणि मग सहावा घास आला. वाटीत वाफाळता भात, वर तुपाचा थेंब. या वेळी खुद्द मोठा आचारी बाहेर आला. दिपक त्याचं नाव, त्याला शेफ म्हणतात, तिशीचा, दाढीवाला, डोळे भाबडे. मोठ्या हौसेने म्हणाला, काका, काकी, हे खास तुमच्यासाठी. तुमच्याच डोंगराकडचं हळवं भात, या हंगामाचा पहिला नवा तांदूळ. आम्ही दोघांनी हात मागे घेतले. सोमीने तर वाटीवर पदराचं टोकच घातलं, तांदळाला दृष्ट लागू नये म्हणून, की आपल्याला मोह होऊ नये म्हणून, देव जाणे. सगळी टेबलं आमच्याकडे बघायला लागली. मघाच्या चौघींनी पुन्हा मोबाइल काढले. त्या दिपकचा चेहरा उतरला. काही चुकलं का, भात कच्चा राहिला का, वास आला का, असं विचारत तो खालीच बसला, पार टेबलाशी उकिडवा. वाईट माणूस नाही, बाई. वाईट माणूस असा उकिडवा बसत नाही. सोमी त्याला म्हणाली, “चांगला आहे रं पोरा. पण आमचं नवं नाय झाला आजून. कसा खायाचा?”

मग मी त्याला सगळी रीत समजावली. कणसरी, देव, थोरली बहीण, तिचा घास, तिचे गुडघे. तो ऐकत होता आणि एकदम त्याने मान वर केली. म्हणाला, थांबा, म्हणूनच का? आणि त्याने निलमला आतून हाक मारली.

निलम आली. पांढरा डगला, केस टोपीत, हात ओले. बाई, ती तिथे कपबश्या विसळत नाही. भाताचं, भाकरीचं, डाळीचं सगळं तिच्याकडे आहे, आणि तिथे नियम असा की जो रांधेल त्याने चाखल्याशिवाय पदार्थ बाहेर जायचा नाही. नवा तांदूळ आल्यापासून ती रोज तो शिजवते, दाणा बोटांनी चिमटून बघते, वास घेते, आणि चमचा भरून दिपकच्या हातात देते. तो बिचारा म्हणाला, मला वाटायचं, ही मला मान देते. त्याने तिला सगळ्यांसमोर विचारलं, तू हा भात एकदाही चाखला नाहीस? निलमने मान खाली घातली. म्हणाली, “आत्या आली नाय आजून घरी.”

एवढंच म्हणाली. बाई, तुला खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते मिरचीवर ढकललं, पण सहाव्या घासात मिरची नव्हती आणि तो मी खाल्लाही नव्हता. अख्खा दिवस हातात नव्या भाताचा टोप, पोरीच्या पोटात भूक, बघायला तिथे ना तू, ना मी, ना झिपरू भगत. कोणाला कळलं असतं? आणि तू म्हणतेस, देवधर्म विसरली.

दिपकने मग गुपचूप आमच्या वाट्या उचलल्या आणि काकुळतीने सोमीला विचारलं, आम्ही हा तांदूळ इतरांना देतो, ते चुकीचं का? सोमी म्हणाली, “तुमचा देव तुमच्यापाशी. लोकांना वाढा, लोक भुकेलं आहेत.” (हे मात्र खरंच होतं. सहा घास होऊनही सगळे भुकेलेच दिसत होते.) भाताच्या जागी त्याने आम्हाला उडदाचं ते पुन्हा दिलं, आणि या वेळी घास नाही, चांगली वाटी भरून. पुढचे तीन घासही झाले, शेवटी चिकूचं काहीतरी थंडगार होतं. निघताना निलम वाडीच्या फाटकापर्यंत आली. हाताला धरायला मी हात पुढे केला, तर तिने दोन्ही हातांनी तो धरला, आणि विचारलं, बाबा, भात बरा दिसत होता ना? मी म्हटलं, दिसत तर बरा होता. मग रिक्षा आली आणि आम्ही दोघंच तिच्यात बसलो.

तर असं झालं. तुझा हुकूम मोडला त्याबद्दल भावाला क्षमा कर. भाऊजींना नमस्कार, उमेशला आशीर्वाद, चंद्रिकाला शाबासकी.

तुझा,
भिका

ता. क. हिरूच्या घरी तू शब्द टाकलास, तर तो परत घ्यायलाही तूच गेलेली बरी. तुझ्यापुढे कोणी उलट बोलत नाही, मी गेलो तर मला चहासुद्धा मिळणार नाही. मुलगा चांगलाच आहे. नोकरीसकट निलम हवी असेल तर त्याने एकदा ‘नऊ घास’मध्ये जेवून यावं. जाताना घरून पोटभर खाऊन जावं.

ता. क. २. रेशनचा तांदूळ संपत आला. सोमी म्हणते, हे पत्रात घालू नका, बहिणीला वाटेल आपण पोटासाठी बोलावतोय. म्हणून पत्रात घातलं नाही, खाली घातलं.

ता. क. ३. (चंद्रिका, हा कंस मोठ्याने वाच. येत्या रविवारी निलमने सुट्टी घेतली आहे. नव्याचा भात तीच रांधणार, आपल्या चुलीवर, आणि न चाखताच वाढणार. ती विचारत होती, पत्र ऐकून आत्या काहीच बोलली नाही तर काय समजायचं? मी तिला सांगितलं, तुझी आत्या गप्प बसली, म्हणजे ती लुगडं बदलायला आत गेली.)