दोन्ही गाल सारखे

शेलूबाजार,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. राजपाल यास,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमच्याकडचंही तसंच असेल असं धरून चालते.

फोन सोडून ताई पत्र कायले लिहिते, असं तुला वाटेल. तुझा फोन तुझी वैजयंती स्पीकरवर ठेवते. मागच्या वेळी माझं हॅलो संपायच्या आत कुकरची शिटी आणि तिच्या आईचा खोकला, दोन्ही ऐकू आले. शेजारची मेहरबी उद्या लेकीकडे रिसोडला चालली आहे, तिच्या हाती हे देते. पाकिटाला दोनदा डिंक लावला आहे. कडा उचकलेली दिसली तर मेहरबीला काही बोलू नको, आधी आपल्या घरात पहा.

बातमी अशी, की माझ्या सुजेला नाव मिळालं. मिकुलिक्झ. अकोल्याच्या डॉक्टरनं ते कागदावर लिहून दिलं, कारण तीनदा सांगूनही मला म्हणता येईना. डोळ्यांतलं पाणी आणि तोंडातली लाळ बनवणाऱ्या गाठी असतात, त्या दोन्ही बाजूंनी आपोआप सुजतात. दुखत नाही, पण पापण्या आणि गाल फुगतात. फार क्वचित कोणाला होतं म्हणे. का होतं, विचारलं, तर म्हणाले, शरीराला आपल्याच माणसांचा संशय येतो आणि ते त्यांच्यावर चालून जातं. मी म्हटलं, हा आजार आमच्या गावात सगळ्यांनाच आहे, मग मला एकटीलाच गोळ्या कायले? ते हसले नाहीत. तेव्हाच माझा त्यांच्यावर अर्धा विश्वास बसला. उरलेला अर्धा ओठाच्या आतला तुकडा काढून तपासला तेव्हा बसला.

त्याआधी तीन महिने गावानं आपापलं निदान करून ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, गालफुगी. मेहरबी म्हणाली, थायराइड. माझ्या अंगणवाडीत पोरांना सोडायला येणाऱ्या बाया म्हणत, "मॅडमनं खर्रा धरला वाटते." एकीनं तर तंबाखू-सुपारीचा तो तोबरा दोन्ही गालांत एकदम धरता येतो का, ते घरी करून पाहिलं. हातपंपावरच्या बायांचं मात्र एकमत होतं. डोळे रडून सुजले आणि गाल कशानं सुजले ते सांगायची गरज नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत तू आलास.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते अख्ख्या स्टँडनं सांगितलं, म्हणून माझ्याकडे जास्त चांगलं आहे. तू सरळ तुझ्या दाजींच्या जीपपाशी गेलास. मंगरूळपीरचे अकरा पॅसेंजर बसलेले, आणि तू त्यांच्यासमोर देवानंदची कॉलर धरलीस.

"माह्या बहिणीच्या तोंडावर हात टाकतं काय बे?"

"म्या काई नाई केलं. तिलेच इचार ना."

"इचारलं. ते बोलली नाई."

त्यावर तो गप्प झाला, म्हणतात. पॅसेंजर उतरून दुसऱ्या जीपमध्ये बसले. आणि आता रविवारी आमच्या अंगणात बैठक आहे. पाच माणसं येणार, त्याच्याकडून स्टँपपेपरवर कबुली लिहून घेणार, आणि मी पेटी घेऊन तुझ्यासोबत रिसोडला येणार. हे सगळं ठरल्याचं मलाही हातपंपावरच कळलं.

राजपाल, पहिल्यांदा हे वाच. ही सूज त्यानं केलेली नाही. मारणारा माणूस दोन्ही गाल मोजून सारखे सुजवत नाही. रिपोर्ट माझ्याजवळ आहेत, रविवारी शेवटी सगळ्यांसमोर ठेवीन.

आता त्याला फार चांगला समजू नको. मीही समजत नाही. रोज सकाळी तो गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन उभा राहतो, मी गिळेपर्यंत हलत नाही. पहिल्या दिवशी मी गोळी जिभेखाली दाबली, कागदावरच्या नावाशी पाकिटावरचं नाव जुळवून मगच घ्यायची म्हणून. पण तोंड कोरडं, गोळी टाळूला चिकटली आणि मी पकडली गेले.

"जहर आहे काय पाहून राह्यली का?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं पाकीट उलटं करून माझ्यासमोर धरलं. अकोल्याला न्यायला जीपमध्ये पुढची सीट देतो, वरून काच पुसतो. हे माझ्यासाठी, का रविवारच्या पाच जणांसाठी? तीन आठवडे पाहते आहे. सूज निम्मी उतरली, पण या प्रश्नाचं उत्तर काही निघालं नाही.

आता खरं लिहायचं ते लिहिते. चार कागद फाडून झाले.

तू त्या दिवशी विचारलंस, "ताई, त्यानं हात लावला काय?" तेव्हा मी खाली पाहिलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो मी मुद्दाम गिळला.

अकरा वर्षांपूर्वीचं आठव. मी त्याच्या मित्रांसमोर त्याच्या नव्या मिशीवर काहीतरी बोलले. बोलणं चांगलं जमलं होतं, सगळे हसले. ते गेल्यावर त्यानं मला मारलं. एकदाच, उजव्या गालावर. दुसऱ्या दिवशी नेमका तू आलास. मी म्हटलं, कपाटाचं दार लागलं. तू कपाटाकडे पाहिलंस. त्या कपाटाला एकच दार, ते डावीकडे उघडतं, उजव्या गालाला लागणारच नाही. मग तू म्हणालास, "पाहून चालत जाय ना बाई," दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्यास आणि चारच्या एसटीनं गेलास.

तुला ते दार दिसलं नाही, असं मानायचा मी अकरा वर्षं प्रयत्न करते आहे.

म्हणून या वेळी तू कॉलर धरलीस तेव्हा मला आधी बरं वाटलं. लाज नंतर वाटली. अकरा वर्षांपूर्वी यायला हवा होता तो भाऊ आज यावा, आणि आला तर त्याला थांबवायचं कशाला, असं झालं. ज्या माणसानं या वेळी काही केलं नव्हतं त्याला मी अकरा जणांसमोर उभं राहू दिलं. तो गप्प का झाला, ते त्याला आणि मला कळतं. आता तुलाही.

रविवारी बैठक मोडू नको. ये. पण गालाच्या सुजेचा विषय काढू नको, काढलास तर तो खरं बोलून सुटेल. मिशीच्या दिवसाचं विचार. तो काय म्हणतो ते मला पाच माणसांत ऐकायचं आहे. नंतर पेटी भरायची का नाही ते मी ठरवीन, आणि ते मात्र कोणालाच हातपंपावर कळणार नाही.

स्टँपपेपर आणू नको. स्वतःला आण, आणि आल्यावर आधी कपाट पाहून घे.

तुझी मोठी बहीण, जिला दार कधीच लागलं नव्हतं,
सुकेशनी