माइकवर तुमचं नाव

बंगळूर, २० डिसेंबर १९९८

ती. अप्पा,
सप्रेम जयभीम.

माझा खोकला गेला, आईला सांगा. काल दुपारी कॉलेजात रॅप-मेटलचा कार्यक्रम बघितला. लई कर्कश, कान अजून वाजतायत. पण गाणारा भांडल्यासारखा भराभर अन्यायावरच बोलत होता. मला तुमचा जलसा आठवला.

आपल्याकडं गायकाला नोट देतात, मग तो माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारतो. तशीच दहाची नोट घेऊन मी स्टेजवर चढले. सगळे हसले. तो गोंधळला, पण त्यानं नाव विचारलं. मी तुमचं सांगितलं.

गावच्या जत्रेत सगळ्यांची नावं पुकारली, नोट देऊनही तुमचं कधीच नाही. इथं त्यानं ते माइकवर पुकारलं आणि त्याच्यामागं दोन हजार पोरं ओरडली, "कचरू साळवे, तालुका शेवगाव."

तुम्ही गाणं सोडलंत, असं आई लिहिते. घसा दुखतो, की कुणी काही बोललं? चौदा एप्रिलला गा अप्पा. पहिली नोट माझी.

तुमची लेक,
करुणा