ब्रेकचा दिवा पेटला नव्हता

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अक्षर वाकडं येतंय ते आजाराने नव्हे, आनंदाने. वकीलबाईंनी तशी नोंद घ्यावी. आधीचं मृत्युपत्र, ज्यात मेहुण्याला काहीही देऊ नये असं मी तीनदा लिहिलं होतं, ते रद्द समजावं.

१. माझी जुनी गाडी माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. ज्या साली ती बनली, त्या सालचे नियम तिला लागू. म्हणून मागे ब्रेकचा एकच दिवा चालतो, सीटबेल्ट नसले तरी चालतात, वळताना इंडिकेटरऐवजी दारामागून बाहेर येणारा पिवळा हातही चालतो. हे सगळं मला तोंडपाठ, आणि त्याचाच मला माज होता.

२. बावीस वर्षांपूर्वी दिवेलागणीला मी ब्रेक दाबला आणि मागून मेहुणा, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, घरची गाडी घेऊन माझ्या डिकीवर आदळला. तो शहराची बस चालवायचा; तीस वर्षांत एक ओरखडा नाही. परोपरीने सांगत होता की दिवा पेटलाच नाही. मी चारचौघांत म्हणालो, "कायद्याने एक दिवा पुरतो. तुला दिसत नसेल तर स्टिअरिंग सोड." त्याने खरंच सोडलं. बस गेली, घरची गाडीही विकली. बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. मी गाडी तशीच झाकून ठेवली आणि माझंच खरं करत बसलो.

३. गाडी कोणाच्या नावे करायची तर ती रस्त्यावर चालायला हवी, म्हणून परवा तपासणीला नेली. तपासणाऱ्या मुलीने मागचे दिवे लावून मला ब्रेक दाबायला सांगितला. म्हणाली, "काका, काहीच फरक पडला नाही." मी तिला नियम ऐकवायला लागलो, तोवर तिने दिव्याची काच काढलीसुद्धा. त्या बल्बात दोन तारा असतात, मंद मागच्या दिव्याची आणि प्रखर ब्रेकची. तो उलटा बसू नये म्हणून त्याच्या पिना खालीवर असतात. मी पकडीने दामटून उलटा बसवला होता! दिवे लावले की प्रखर तार आधीच पेटलेली. मग ब्रेक दाबला काय, न दाबला काय, मागच्याला सारखंच. आयुष्यभर लोकांचे बल्ब बसवले आणि स्वतःच्या गाडीत ही अक्कल पाजळली.

लाज वाटली, पण त्याआधी मी तिथे चक्क नाचलो. चूक माझी असेल तर ती निस्तरणं माझ्या हातात आहे, हे या वयात कळणं काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

४. माझा टेस्टर, मीटर आणि सगळी हत्यारं त्या मुलीला.

५. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष कायदा मागत नाही म्हणून बेल्ट, अग्निशामक, काही ठेवत नाहीत. काल मी बेल्ट बसवले तर म्हणाले, गाडी बाटवलीस. त्यांना माझा लाल त्रिकोण. बंद पडलेल्या गाडीमागे लावायचा असतो, हेही कोणीतरी सांगावं.

६. गाडी मेहुण्याला द्यायची ठरवली होती. आज सकाळी त्याला फोन केला, तर अर्ध्या तासात तो आणि बहीण दारात. मी सगळं कबूल केलं आणि ढसाढसा रडलो. मग तो साक्षीदार म्हणून सही करायला हटून बसला. वकीलबाईंनी समजावलं की साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्राने काही मिळत नाही. तो म्हणाला, "गाडी नको मला. दिवा पेटला नव्हता, असं यांनी लिहिलंय, त्याखाली माझी सही पाहिजे." म्हणून घर आणि गाडी त्यांच्या मुलीला, माझ्या भाचीला. बहिणीला काही देता येत नाही, तर तिची माफी मागतो; माफी कुठल्याच कायद्यात अडत नाही.

७. सह्या झाल्यावर जरा चालवू का, असं मेहुण्याने आत्ता हळूच विचारलं. चावी त्याच्या हातात दिली आहे. बाकीच्या कलमांना वेळ नाही, मला त्याच्या शेजारी बसायचंय.

ठिकाण: राहतं घर, गॅरेजचं दार उघडं
दिनांक: तपासणीनंतरचा दुसरा दिवस, सकाळी अकरा

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार १: शेजारचे शिंपी
साक्षीदार २: मेहुणा, बसचालक