चालक कोण होता?

मंगळवार, ५ मार्च

शंभर पौंड! कशाचे, तर दुकानासमोर गाडी उभी केली त्याचे!

पॅनकेकचं पीठ भिजवत होते, तेवढ्यात पाकीट आलं. दोन तास फुकट असतात. आमची गाडी म्हणे एकवीस फेब्रुवारीला, गुरुवारी, पाच तास तिथे होती. लवकर भरले तर साठच. म्हणजे मान मुकाट्याने पुढे केली तर सुरी जरा हळू चालवू! वर्षानुवर्षं त्याच दुकानातून किराणा आणते मी. आणि हे गिऱ्हाइकालाच लुबाडतात, वर फोटो काढून.

पण पाच तास? त्या दिवशी मी गुडघा धरून घरीच होते. मग गाडी कोणी नेली? एमलिनला विचारलं. म्हणाला, "भरून टाकू." चहाची एक पिशवी दोनदा वापरणारा माझा नवरा म्हणतो, भरून टाकू! कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, ६ मार्च

शेजारचा ट्रेव्हर आला होता. निवृत्त झाल्यापासून असल्या नोटिसांशी भांडणं हाच त्याचा धंदा. "वहिनी, हा दंड नव्हेच. दंड सरकार करतं. ही खासगी कंपनी, नुसतं बिल पाठवते. पण कागद असा छापते की पोलिसांनीच धाडलाय वाटावं." नियमांची पाटी दिसते का तिथे, म्हणाला. दिसते की — झुडपामागे, मुंगीएवढ्या अक्षरांत! हा काय न्याय झाला?

मग त्याने मंत्र दिला. "गाडी एमलिनच्या नावावर. पैसे मागायचे ते चालकाकडे, आणि चालवत कोण होतं हे त्यांना ठाऊक नाही. सांगायचंच नाही! 'मी' लिहू नका, 'आम्ही' लिहू नका. फक्त 'चालक'."

एमलिनला मंत्र फारच आवडला. इतका की मला खटकलंच.

शुक्रवार, ८ मार्च

मी: "चालक कोण होता?" तो: "चालक." मी: "अरे, मी काय कंपनी आहे?" तो: "ट्रेव्हरने सांगितलंय ना, बोलायचं नाही." आणि खाली मान घालून लीकचं सूप ढवळत बसला!

जेवले नाही मी.

रविवार, १० मार्च

चॅपलमध्ये ती मेअर नावाची बाई भेटली. एमलिनच्या गायकवृंदातली, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. कधी नव्हे ती माझा हात धरून म्हणाली, "कशी आहेस गं?" माझ्यावर एवढं प्रेम कधीपासून? वर, "एमलिन फार चांगला माणूस आहे हो." चोराच्या मनात चांदणं!

तो हल्ली गाडीची किल्ली खिशातच ठेवतो. मी खोलीत आले की फोन बंद करतो. दुकानासमोर पाच तास कोण बसतं? आमची गाडी तिथे ठेवायची आणि तिच्या गाडीतून जायचं — झालं! या वयात! संडासात जाऊन रडले, नळ सोडून.

सोमवार, ११ मार्च

कंपनी लबाड आहेच. पण कॅमेऱ्याला लग्न टिकवायचं नसतं, तो कशाला खोटं बोलेल? उद्या बसने दुकानात जाते. शंभर पौंड गेले खड्ड्यात. मला त्यांच्या कॅमेऱ्यातला तो चालक बघायचाय, आणि शेजारी कोण बसलंय तेही.

मंगळवार, १२ मार्च

ब्रेडच्या काउंटरवरची नेरिस मला बघून धावत आली. "बरं वाटतंय ना आता, काकू? किती घाबरला होतात त्या गुरुवारी! गाडीत नुसत्या बसून होतात. म्हणालात, घराचा रस्ताच सुचत नाही. मीच काकांना फोन केला. मेअरबाई घेऊन आल्या त्यांना."

मॅनेजर म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं तुमच्या मिस्टरांना. नोटीस येईल, पण चालक आजारी होती एवढं लिहून द्या, रद्द करवतो. ते म्हणाले, तिच्याबद्दल तसं कागदावर नको, त्यापेक्षा भरतो."

मी तिथेच लिहून दिलं. चालक मी होते. मला आठवत नाही.